नांगराच्या मागावर माळव्यात

शुक्रवार

पलूस-कुंडलच्या टापूत किर्लोस्करवाडीला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. नुसतं 'वाडी' म्हटलं की झालं. आमचं शेती अवजारांचं दुकान त्याच टापूत. वडिलांच्या काळी दुकानाच्या बाकावर ठाण मांडून बसणारी म्हातारी मंडळी सांगायची, वाडीचा लोखंडी नांगर पार माळव्यापर्यंत जायचा. ऐकून सोडून दिलं होतं. यंदा दसऱ्यानंतर इंदूरहून आत्याचा फोन आला, "दिवाळीच्या आत येऊन जा रे, नंतर तुला दुकानातून सवड व्हायची नाही." तेव्हा ती जुनी गोष्ट पुन्हा डोक्यात वळवळली आणि पुण्याहून रात्रीची स्लीपर पकडली.

झोप उडाली ती बिजासनच्या घाटात. खाली निमाडात कापूस फुटलेला, बायका ओटीत बोंडं भरत होत्या. खलघाटच्या पुलावर निम्म्या बसने खिडक्या सरकवून नर्मदेला हात जोडले, दोघा-तिघांनी नाणी टाकली. मानपूरचा घाट चढून वर आलो आणि माळवा सुरू झाला. काळीभोर सपाट जमीन आणि जिकडेतिकडे सोयाबीनची काढणी. पंजाबातून आलेले हार्वेस्टर रस्त्याच्या कडेने ओळीत चाललेले, त्यांचा रुंद कटर मागे वेगळ्या गाड्याला जोडलेला, टपावर पोरांची अंथरुणं आणि गॅसची शेगडी. महिना-दोन महिने ही मंडळी घर पाठीवर घेऊन फिरतात. नांगर बघायला निघालेल्या माणसाला पहिलं दर्शन हे असं झालं.

आत्याचं घर राजेंद्रनगरला. तिथे गल्लीत निम्म्या पाट्या मराठी आडनावांच्या. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला, बाजूला जिलेबी. कशासाठी आलो ते सांगितल्यावर आत्या म्हणाली, "लोकं इंदूरला सराफा बघायला येतात, आणि हा नांगर बघायला आलाय!" आत्येभाऊ पिथमपूरला नोकरीला. त्याने शेजारच्या मित्राला विचारलं, "भिया, किर्लोस्कर का हल देखा है कभी?" तो म्हणाला, "किर्लोस्कर? वो तो मोटर वाले हैं ना, पानी की मोटर?"

तेच. नाव घराघरात आहे, नांगर मात्र कोणालाच माहीत नाही. मग चहाच्या दुसऱ्या फेरीत मी सगळं पुराण लावलं. आत्येभाऊ सौजन्याने ऐकत होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 चे, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि रंगाचा नाद सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. व्हीजेटीआयमध्ये शिकवलं. बढती डावलली गेली तशी नोकरीला रामराम ठोकला. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलेलं होतं, भाऊ रामूअण्णा जोडीला. त्या दोघा भावांवरून 'किर्लोस्कर ब्रदर्स'. सायकलीवरून कडबा कापायच्या यंत्राकडे आणि तिथून 1903 मध्ये लोखंडी नांगराकडे. नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

ही गोष्ट सांगताना आपल्याकडे नेहमी शेतकऱ्याला अडाणी ठरवतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्डने 1797 मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं तेव्हा तिथले शेतकरीही जमीन विषारी होईल हेच म्हणाले होते. दोन खंडांतली माणसं एकच कारण सांगतात, तेव्हा दुखणं कुठे तरी दुसरीकडे असतं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर, धान्याच्या मापावर दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी मोडला तर? पैसे रोख, आणि भाग कुठून आणायचा ते देव जाणे. माझ्या दुकानात आजही गिऱ्हाईक नवं अवजार बघितलं की पहिल्यांदा हेच विचारतं: "पार्ट मिळतात का हो?"

पुढे बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा 32 एकर माळ आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. 1910 मध्ये निवडुंग आणि साप हटवून तिथे वाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आमच्याकडे अजून सांगतात.

"तोफांचे नांगर?" आत्येभाऊ पहिल्यांदा सावरून बसला. एवढ्या वेळात त्याला ही एकच गोष्ट आवडली.

शनिवार

सियागंज. स्टेशनजवळची ही बाजारपेठ म्हणजे माळव्यातल्या शेतीचं हार्डवेअर. रस्ता अरुंद, हमालांच्या हातगाड्या, दुकानांच्या तोंडाशी टांगलेले व्ही-बेल्ट. मी माझ्याच धंद्यातल्या माणसाच्या नजरेने बघत होतो, त्यामुळे आत्येभावाचा जीव मेटाकुटीला आला. रोटाव्हेटरची पाती डावी-उजवी वेगळी बांधून ठेवलेली. थ्रेशरच्या जाळ्या, कल्टिव्हेटरचे फाळ, बेअरिंगं, पंपांचे इम्पेलर म्हणजे आतल्या फिरत्या चकत्या, पाइपाच्या तळाला लागणारे फूटव्हॉल्व्ह. सोयाबीनचा हंगाम म्हणून थ्रेशरच्या बेल्टला मागणी, आणि आठवडाभरात गव्हाची पेरणी लागेल म्हणून पंपाच्या सामानाची उलाढाल आतापासूनच सुरू.

एका जुन्या दुकानात बोहरी शेठ बसले होते. मी बैलाच्या लोखंडी नांगराचा फाळ मागितला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हल की फाल? अब कौन मांगता है साब!" मग बसायला स्टूल दिलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी फाळांची पोती यायची, म्हणाले. शेतकरी नांगर एकदा घेई, फाळ मात्र दर हंगामात. दुकान चालायचं ते फाळावर. उरलेसुरले कधीच भंगारात गेले.

आमच्या धंद्याचं सगळं बीजगणित यात आलं. यात किर्लोस्करांच्याही आधीचा एक धागा आहे, तो इंग्लंडातला. इप्सविचला रॅन्सम नावाचं कुटुंब होतं. रॉबर्ट रॅन्समने 1789 मध्ये तिथे ओतकामाचा कारखाना काढला. 1803 मध्ये त्याने फाळ ओतायची नवी रीत काढली. साच्याचा तळ थंड लोखंडाचा ठेवायचा, म्हणजे फाळाची खालची बाजू झटकन निवते आणि कठीण होते. वरची बाजू सावकाश निवते आणि मऊ राहते. जमिनीत चालताना वरची बाजू आधी झिजते आणि खालची कडा धारदारच राहते. नांगर स्वतःच स्वतःला धार लावतो. पाच वर्षांनी, 1808 मध्ये, त्याने नांगराचे सुटे भाग एकमेकांना चालतील असे केले. झिजलेला भाग शेतावरच बोल्ट सोडवून बदलायचा, लोहाराकडे न्यायचं काम नाही.

रॅन्समच्या त्या 1803 च्या फाळानंतर बरोबर शंभर वर्षांनी लक्ष्मणरावांचा नांगर आला. विलायती नांगर त्यांच्या डोळ्यांसमोर होतेच. माझ्या मते त्यांनी शेतकऱ्याला नांगर विकला खरा, पण त्याचा विश्वास बसला तो फाळ वेळेवर मिळू लागल्यावर. त्याशिवाय विषाची समजूत गेली नसती.

शेठजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "और पंप में क्या है? वही तो है!" आणि इम्पेलरच्या फळीकडे बोट दाखवलं. माणूस अस्सल व्यापारी.

संध्याकाळी सराफा, म्हणजे सराफ बाजारातली खाऊगल्ली. भुट्टे का कीस छान. बाकी सगळे व्हिडिओ काढण्यात गुंग.

रविवार

इंदूरची मराठी घरं वर्षाचा लोकवन गहू थेट शेतकऱ्याकडून भरतात. आत्याचे पटेल बेटम्याच्या पुढे. आत्येभावाने फोनवर विचारून ठेवलं होतं आणि पटेल म्हणाले होते, एक लोखंडी हल पडलाय खरा, येऊन बघा. गहू बाजूला राहिला, आम्ही सकाळीच गाडी काढली.

खळ्यावर थ्रेशर चालू होता. सोयाबीनचा भुसा असा उडत होता की बोलायचं तर तोंडाला उपरणं लावून. पटेलांनी चहा पाजला आणि गोठ्याच्या मागच्या पडवीत नेलं. दोन पोती आणि एक मोडकी खाट बाजूला केल्यावर तो दिसला.

बैलांना जोडायची लांब लाकडी दांडी, इसाड, कुजून गेलेली, तिथे कोणीतरी पाण्याचा पाइप ठोकून बसवलेला. रुमण्याची मूठ हातांनी झिजून गुळगुळीत. पंखावर, म्हणजे माती उलटवणाऱ्या लोखंडी पत्र्यावर, उठावाची अक्षरं होती, पण गंजाने अशी खाल्लेली की बोटाने चाचपूनही लागेनात. पंखाची आतली बाजू मी गोणपाटाने घासली तर खालून निळसर चकाकी निघाली. हजारो तास माती घासून गेल्याशिवाय लोखंडाला ती चकाकी येत नाही. फाळ टोकाला बोथट, जवळजवळ अर्धा संपलेला. तो दोन बोल्टांवर होता: एक चौकोनी डोक्याचा, जुना, दुसरा आजचा षटकोनी, 17 चा पाना लागणारा. म्हणजे मधे कधीतरी फाळ बदलला होता आणि एक बोल्ट हरवला होता.

वाडीचाच आहे का? छातीठोकपणे सांगणार नाही. त्या धाटणीचे नांगर पुढे अनेकांनी ओतले. पटेल म्हणाले, "हमारे दादाजी इसको पूना वाला हल कहते थे." वाडी काही पुण्यात नाही, पण माळव्यातून बघितलं तर सगळा दख्खन पुणेच.

हा नांगर इथे आला कशाला, हा खरा प्रश्न. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची ढेकळं भेगांत पडतात, पावसात फुगून वर येते. स्वतःच स्वतःला नांगरते म्हणा ना. म्हणून इथलं मुख्य अवजार नांगर नव्हतंच, वखर होतं. त्याची रुंद पास, म्हणजे आडवं पातं, वरची माती सैल करते आणि तण कापते. पावसाळ्यात ती माती इतकी चिकट की खरीप पुष्कळ ठिकाणी पडीकच ठेवायचे आणि ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचे. सोयाबीन आलं ते 1970 नंतर, आणि त्याने ती पडीक जागा पटकावली.

मग लोखंडी नांगर? त्याचं काम खोलवर मुळं धरून बसणाऱ्या गवताशी. आमच्या दख्खनेत हरळी आणि कुंदा, इकडे काँस. लाकडी नांगर मातीला नुसती चीर पाडतो, दोन तासांमध्ये, म्हणजे नांगराच्या दोन ओळींमध्ये, न नांगरलेला पट्टा तसाच राहतो, म्हणून आडवं-उभं पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. भारी जमिनीत मोठ्या लाकडी नांगराला तीन-चार बैलजोड्या लागायच्या. लोखंडी नांगराचा फाळ तळातून आडवा कापतो आणि पंख ती पट्टी उलटी करून टाकतो. गवताची मुळं वर, उन्हात. काँसाने मध्य भारतातली इतकी जमीन गिळली होती की 1949 मध्ये ते काढायच्या ट्रॅक्टरांसाठी सरकारने जागतिक बँकेचं 1 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. गवतासाठी जागतिक बँकेचं कर्ज! पटेलांना हे ऐकून हसू आवरेना. त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या चार बिघ्यांतला काँस बैलांवर काढला होता.

निघताना पटेलांनी विचारलं, याचा फाळ मिळेल का? मला वाटलं शोभेसाठी. तसं नव्हतं. घरामागे त्यांची लसणाची पट्टी आहे, पेरूच्या झाडांमध्ये, ट्रॅक्टर तिथे वळत नाही. बैलजोडी अजून आहे. मी फाळाच्या भोकांमधलं अंतर टेपने मोजलं, वहीच्या पानावर फाळ ठेवून भोवती पेन्सिल फिरवली.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका शेतात 60 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे निळा पल्टी नांगर उभा. मी गाडी थांबवायला लावली. लेमकेन, जर्मन. पल्टी नांगराला फाळांचे दोन संच असतात, एक वर एक खाली. तास संपलं की हायड्रॉलिकने उलटायचा आणि त्याच तासाला लागून परत यायचं, म्हणजे सगळी माती एकाच बाजूला पडते आणि शेतात मधे सरी-वरंबा उरत नाही. मालक म्हणाले, दर वर्षी वापरत नाहीत, तीन-चार वर्षांतून एकदा उन्हाळ्यात खोल नांगरट, एरवी रोटाव्हेटर. रोटाव्हेटर वरची चार-पाच इंचच माती पिंजतो आणि खाली कडक थर बसतो. तो फोडायला हा.

लेमकेन हे कुटुंब 1780 पासून याच धंद्यात आहे. ऱ्हाइनकाठच्या क्झांटेन गावातली लोहाराची भट्टी ही सुरुवात, आज मुख्य कारखाना जवळच्याच आल्पेनला, मालकी सातव्या पिढीपर्यंत घरातच. आपल्याकडे नागपूरलाही त्यांनी कारखाना उभारला. 1780 म्हणजे महेश्वरला अहिल्याबाईंचा कारभार चालू होता. तेव्हापासून हे लोक नांगर करताहेत, आणि अजूनही तेच करताहेत.

गाडीत मी तिघांचा हिशेब मांडत होतो. रॅन्समचं नाव आज हिरवळ कापायच्या यंत्रावर दिसतं. गवत कापायची यंत्रं ते 1832 पासूनच बनवायला लागले होते. किर्लोस्कर पंपात गेले. नांगरावर टिकले ते लेमकेन. यात शहाणा कोण? मला विचाराल तर तिघेही. आल्पेनच्या शेतकऱ्याला पाण्याची चणचण नव्हती. आपल्याकडे माणूस नांगर घेऊन गेला की दुसऱ्या दिवशी पाण्याचं विचारायला यायचा. गिऱ्हाईक सांगेल तिकडे दुकान वळतं.

सोमवार

कृषी महाविद्यालयाचा परिसर. एवढी मोकळी जमीन भर शहरात कशी राहिली याचंच नवल. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने इथे वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली, होळकर दरबाराने जमीन दिली. 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेलेलं कंपोस्ट इथलं. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी उलटापालट, तीन महिन्यांत खत. हॉवर्डचं नाव सगळे घेतात. 1931 मध्ये त्याच्याबरोबर ही पद्धत लिहून काढणारे यशवंत वाड कोणाला आठवत नाहीत. आत्यालाही नाही, आणि तिला इंदुरातलं मराठी गणगोत तोंडपाठ आहे. 1935 मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाला इंदुरात आले तेव्हा हे बघायला मुद्दाम आले होते.

गोठ्यातली माती म्हटल्यावर पटेलांची एकुलती बैलजोडी आठवली. गावात आता त्यांच्यासकट तिघांकडेच बैल उरलेत, म्हणाले होते. इंदूर पद्धतीला आता इंदुरातच कच्चा माल नाही.

दुपारी झोप. आत्याने जुन्या ट्रंकेतून 'स्त्री' मासिकाचे काही अंक काढून दाखवले, तिच्या सासूबाईंचे. ती अंकाचा वास घेत म्हणाली, "हे पण तुझ्या वाडीचंच की." खरंच. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' आलं, 1934 मध्ये 'मनोहर'. नांगर नाही, पण हे मात्र या घरात थेट पोचलं होतं, टपालाने.

मंगळवार

देवास इंदूरपासून तासाभराच्या आत. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली पवार घराण्याच्या दोन पात्यांचं, म्हणजे शाखांचं, जुनं गाव: थोरली आणि धाकटी, एकाच गावात दोन राज्यं. आता भोवती कारखान्यांची रांग. त्यात किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना. फाटकावरचं नाव बघितलं, शिफ्ट सुटायच्या वेळी पलीकडच्या टपरीवर चहा घेतला. आत जायची परवानगी काढली नव्हती आणि गरजही वाटली नाही. मला पंप बघायचा होता तो विहिरीवर.

टपरीवरच एक निवृत्त मराठी गृहस्थ भेटले. आयुष्य पंप दुरुस्तीत गेलेलं. मी पलूसकडचा म्हटल्यावर "वाडीचे काय?" आणि मग त्यांना थांबवायची सोय नव्हती. माळव्याचं पाणी खाली गेलं त्याचा इतिहास त्यांनी पंपांच्या बदलत्या जागांवरून सांगितला, तो इथे जसाच्या तसा देतो.

सुरुवातीला पंप विहिरीच्या काठावर. वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप 1926 च्या सुमारास बनायला लागले. आतलं इम्पेलर फिरतं, पाणी बाहेर फेकतं, मधे पोकळी होते आणि हवेचा दाब खालून पाणी वर ढकलतो. पण हवेच्या दाबाला मर्यादा आहे: कागदावर 10 मीटर, प्रत्यक्षात सात-साडेसात. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप कितीही दणकट असू दे, नुसता घरघरतो. मग लोकांनी विहिरीच्या आत कपार खोदून पंप खाली बसवला. पाणी आणखी उतरलं, कपार आणखी खाली. पावसाळ्यात विहीर भरली की तोच पंप बुडायचा आणि मोटर जळायची, आणि रिवाइंडिंगवाल्यांची चांदी. नंतर बोअर आले, सबमर्सिबल आले, पंपच पाण्यात जाऊन बसला. आता मर्यादा उरली ती विजेची आणि खिशाची. "तिथे गडबड झाली," म्हणाले. "आधी पंप थांबायचा, म्हणून माणूस थांबायचा."

'डग डग रोटी, पग पग नीर' ही माळव्याची ओळख. त्याच माळव्यातल्या देवासला 1990 मध्ये रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. पंप बनवणाऱ्या गावात पाण्याची आगगाडी. हे सांगताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आपणही त्यात होतो असा सूर होता.

2006 पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेततळ्यांची मोहीम निघाली. आधी मोठे शेतकरी तयार केले, कारण तळ्याला जमीन सोडायची ऐपत त्यांचीच. तळ्यांना नाव दिलं 'रेवासागर'. टपरीवरचे गृहस्थ आम्हाला टोंकखुर्दच्या बाजूला घेऊन गेले. पाऊस संपून तळं काठोकाठ, बाजूला हरभऱ्यासाठी रान तयार. आणि काठावर एक पंप, सात मीटरच्या आत, उन्हात टिनाच्या टोपीखाली. फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने भरली होती, शेतकऱ्याच्या मुलाने ती वर ओढून काडीने खरवडली, पुन्हा सोडली. पंपात तांब्याभर पाणी ओतलं, बटण दाबलं. गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "आला ना पुन्हा काठावर?"

येताना कुमार गंधर्वांच्या घरावरून आलो. क्षयाने आजारी होऊन 1948 मध्ये ते हवापालटासाठी देवासला आले आणि 1992 पर्यंत इथलेच झाले. त्यांचं सुळेभावीही बेळगाव जिल्ह्यातलं, गुर्लहोसूरही. बेळगावकडचं पाणी देवासला मानवतं, असं मी म्हणालो तर गृहस्थांनी दुरुस्ती केली: "माणसं मानवतात. पाण्याचं बोलू नका."

बुधवार

बस रात्रीची, म्हणून दिवसभर मोकळा. फाळाचं पेन्सिलीने काढलेलं चित्र घेऊन सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. एका छोट्या फाउंड्रीत भट्टी नुकतीच उतरवली होती, वाळूच्या साच्यांवरून अजून वाफ येत होती. मालकाने कागद उलटसुलट बघितला. बिडाचा फाळ ओतणं अवघड नाही, म्हणाले. खाली चिल, म्हणजे रॅन्समचाच तो थंड लोखंडाचा तळ, लावावी लागेल, तेही होईल. खर्च ओतकामाचा नाही, वाळूत साचा उठवायच्या लाकडी नमुन्याचा, पॅटर्नचा. एक नग असो की पन्नास, पॅटर्न तेवढाच. एका नगाला तो भाव लावला तर पटेलांना नवा कल्टिव्हेटर परवडेल. पन्नास असतील तर फाळ बाजारभावात बसतो.

"पचास ग्राहक लाओ," म्हणाले.

मी तिथूनच पटेलांना फोन लावला. थ्रेशरचा आवाज, मग पटेल. पॅटर्नचं गणित सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गोठ्यात किंवा माळ्यावर असला हल कोणाकोणाकडे पडलाय त्याची गावं मोजायला सुरुवात केली: गौतमपुरा, देपालपूर, साल्याचं हातोद. आकडा अकरावर थांबला. त्यातल्या किती जणांकडे बैल आहेत ते विचारून कळवतो, म्हणाले. फाउंड्रीवाले ऐकत होते. त्यांनी हाताने खूण केली: पंचवीस जमवा, पॅटर्नच्या पैशांत मी निम्मा. मी सांगितलं, उरलेले चौदा पलूसकडे निघतात का बघतो. आमच्याकडे माळ्यावर पडलेल्या नांगरांची कमी नाही, भोकांचं अंतर मात्र जुळायला हवं. कागदाची मोबाइलवर फोटोप्रत काढली, मूळ कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि वर तारीख लिहिली.